विरुद्ध बाजूचे अण्णा

अण्णांशी वाद घालायला गेलं, की ते आधी आपलीच बाजू घेऊन बोलायचे. आपलं म्हणणं आपल्यापेक्षा नेटकं मांडायचे, कानडी वळणाने "सरी का?", म्हणजे बरोबर का, असं विचारायचे आणि आपण बरोबर म्हणेपर्यंत स्वतःच्या मुद्द्याला हात घालायचे नाहीत.

व्हाइटफील्डच्या आमच्या बुटक्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, नोकरी वीजनिर्मितीची यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं, घरात एसी नव्हता. मी पुण्याहून नवीन आलेली, तोंडाळ. तुमच्या एकट्याकडे एसी नसल्याने जग काय थंड होणार, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझीच री ओढली. एकट्यादुकट्याने काय होतं, धोरणं बदलायला हवीत, वीज साठवायची सोय हवी, असं बरंच बोलले. मी खूश होऊन मान डोलावली. मग म्हणाले, "आता माझं ऐक. मला एसीने सर्दी होते."

त्यांचा हट्ट एकच होता, आमच्या गच्चीवर सौर पॅनेल. "जन्मभर कोळशाच्या विजेची चाकरी केली. जाण्याआधी स्वल्प उन्हाची बघू दे," म्हणायचे. पण अंगणातल्या रेन ट्रीची सावली नेमकी गच्चीवर पडायची. पॅनेल हवीत तर झाड तोडावं लागणार होतं, आणि मी झाडाच्या बाजूने पदर खोचून उभी होते.

सोसायटीच्या बैठकीत अण्णा बोलायला उठले. शिरस्त्याप्रमाणे आधी झाडाची बाजू. "या झाडामुळे वरच्या घरांना एसी लागत नाही. न लागलेली वीज सगळ्यात स्वच्छ. ती देणारं यंत्र आमच्या कारखान्यात कधी बनलं नाही." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सरी का?" मी बरोबर म्हटलं. आता पॅनेलची बाजू येणार म्हणून सगळे थांबले. अण्णा "माझं झालं" म्हणून खाली बसले.

झाड राहिलं. हे स्वतःचा खटला स्वतःच हरून आले, असं त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या. अण्णा हसायचे. मला मात्र ते हसणं बघवायचं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. उन्हाची वीज बघायची राहूनच गेली.

यंदा पार्किंगच्या छपरावर पॅनेल बसवायचा प्रस्ताव मी मांडला. तिथे ऊन मोकळं येतं. समोरच्या घरांना चकाकीची भीती होती. ती मीच आधी सविस्तर बोलून दाखवली, त्यांनी बरोबर म्हटल्यावरच पुढे गेले. पॅनेल जरा तिरकी लावायचं ठरलं आणि काम झालं. भांडता मला आधीही यायचं. ऐकायला अण्णांनी शिकवलं, आणि हे ऋण मी आनंदाने मिरवते.

आता संध्याकाळी दिवसभर साठवलेल्या त्या विजेवर जिन्यातला दिवा लागतो. अण्णांच्या दारावरून वर जाताना मी रोज मनात म्हणते, सरी, अण्णा. आता तुमचं सांगा.