बाबांचे शर्ट मापात आणताना

त्या सोमवारी सकाळी मांडवीच्या आमच्या घरात बाबा शाळेत जायला तयार होऊन आरशासमोर उभे राहिले... आणि शर्ट काढून परत खाटेवर येऊन बसले. "आज नको. पुढच्या आठवड्यापासून जातो," एवढंच म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बाबा रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. उंचेपुरे, आवाज खणखणीत, इस्त्रीचा शर्ट नीट खोचलेला... पोरं टरकून असायची त्यांना. त्या वर्षी कावीळ झाली आणि पेज पिऊन पिऊन बरे झाले, तेव्हा अर्धे उरले होते.

डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. पण शर्ट अंगावर नुसते टांगल्यासारखे दिसायचे. खांद्याची शिवण दंडावर उतरायची. रस्त्यात भेटेल तो म्हणायचा, "मास्तर, काय हो ही दशा!" मग बाबांनी संध्याकाळचं समुद्रावर जाणंही बंद केलं.

"अहो, दोन शर्ट नवीन शिवून घ्या," आई म्हणाली. पण शिंप्याच्या दुकानात कायम चार माणसं गप्पा मारत बसलेली. त्यांच्यासमोर उभं राहून माप द्यायचं... "पोरं वर्गात बघतील ते बघतील, आधी बाजारात कशाला दाखवू?" असं म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

घरात आईचं पायाचं मशीन होतं. मला झबली, परकर, फार तर ब्लाउज शिवता यायचा. पुरुषांच्या शर्टाला कधी हात लावला नव्हता. पण मनात आलं... बघू तरी, आत असतं काय ते!

कॉलर विरलेला एक जुना शर्ट घेतला आणि ब्लेडने सगळ्या शिवणी उसवल्या. तुकडे चटईवर मांडले आणि बघतच राहिले. बाही म्हणजे सरळ पट्टी असेल असं मला वाटलेलं, तर तिचा वरचा भाग चक्क टेकडीसारखा! त्यातही टेकडीची एक बाजू जरा जास्त खोल. का बरं? कितीतरी वेळ ती बाही माझ्याच दंडाला लावून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी बाबांना एक चांगला शर्ट उलटा घालायला लावला आणि दोन्ही बाजूंना टाचण्या टोचल्या. ते कुरकुरले, पण उभे राहिले. बाजू आत घेतल्या, झोळ गेला... तरी शर्ट दुसऱ्याचाच वाटत होता. मग लक्षात आलं, शर्ट तोलला जातो तो खांद्यावर. खांदा जागेवर नसेल तर बाजूला कितीही टिपा घाला, काही उपयोग नाही.

म्हणजे बाह्या काढणं आलं! काढल्या. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल, खडूने आतल्या बाजूला आखला आणि बाह्या परत जोडल्या. मोठ्या ऐटीत शर्ट बाबांच्या हातात दिला.

त्यांनी मनगटाचं बटण लावायला घेतलं आणि थांबले. "काय गो हे? बटण लावायला मी हात पिरगळू की काय?"

उजवी बाही डावीकडे लागली होती आणि डावी उजवीकडे! आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. आणि मग बाबाही हसले... आजारपणानंतर पहिल्यांदाच, चांगले मोठ्याने.

मला मात्र उत्तर मिळालं. खोल बाजू पुढची. कारण आपले हात पुढेच जातात, तिथे जादा कापड असलं तर बोचकं होतं!

परत उसवलं. पण उसवून उसवून कापडाच्या कडा विरल्या होत्या, या वेळी बाही गोलाला पुरेना. ओढून बसवायला गेले तर बाबा म्हणाले, "ओढून काय होणार? आधी दोन्हींचा परीघ मोज." आणि दोरा घेऊन स्वतःच चटईवर बसले. गणिताचे मास्तर ते... बाजूची शिवण किती घेतली तर गोल किती लहान होईल, यावर आमची चक्क वादावादी झाली. आईने मला डोळ्यांनीच खुणावलं... बघ, खाटेवरचा माणूस खाली आला.

शर्ट झाला. "आता फळ्यावर लिहून दाखवा," मी म्हटलं. बाबांनी खडू घेतला, हात वर केला आणि कपाटाच्या दारावर उंच एक समीकरण लिहिलं. शर्ट काखेत ओढला नाही, पँटमधून सुटला नाही. समीकरण अख्खं सोडवूनच ते मागे वळले.

पुढच्या सोमवारी ते शाळेत गेले. मी आणि आई दिवसभर कामात, पण कान दाराकडे. संध्याकाळी आले ते दमलेले, पण पाठ ताठ.

"मुख्याध्यापक म्हणाले, मास्तर, तब्येत सुधारली हो!" बाबा सांगत होते. वजन काडीचं वाढलं नव्हतं...

"आणि पोरं?" आईने विचारलं.

"गप्प होती," बाबा म्हणाले. इतक्या समाधानाने की आम्हाला हसूच फुटलं.

मग मी उरलेले शर्टही मापात आणले. पावसाळा सरला, बाजारात मासळी आली, बाबांचं जेवण सुधारलं. आणि एका सकाळी शर्ट हातात घेऊन ते माझ्यासमोर उभे... जरा लाजल्यासारखेच. "पोटावर घट्ट होतोय गो. सैल करता येईल?"

शिवताना मी किती काय काय शिकले! पण त्या दिवशी बाजूच्या टिपा एकेक करून उसवताना जे सुख वाटलं... ते नंतर एवढी वर्षं शिवणकाम करूनही परत कधी वाटलं नाही.