कोणाकडे काही गोड आहे का?

बर्फ म्हणजे मासळीच्या पाटीत घालतात तो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. तरी दोन हजारच्या दशकात मी अमेरिकेतल्या बर्फाच्या वादळांशी रोज सकाळी भांडत होते. अंजूरफाट्याजवळ गोदामांच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं कॉल सेंटर होतं. तिकडच्या एका विमान कंपनीचे प्रवासी फोन करायचे, तो आमच्याकडे लागायचा. माझी शिफ्ट सकाळची, म्हणजे त्यांची संध्याकाळ. वादळ आलं की विमानं तासन्‌तास धावपट्टीच्या कडेला उभी, दारं बंद, आणि आतली माणसं आमच्यावर तोंडसुख घ्यायची. आम्ही म्हणायचं, "लवकरच निघेल." साफ खोटं. त्या वाक्याची मला चीड यायची.

त्या सकाळी एक म्हातारे गृहस्थ अगदी दबक्या आवाजात बोलत होते. विमान तिकडच्या दुपारपासून उभं होतं. बायकोला मधुमेह. जेवण येईल म्हणून तिने इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवण आलंच नाही. आता रक्तातली साखर उतरून तिला दरदरून घाम सुटला होता, शब्द अडखळत होते.

"विमानातल्या बाईंना सांगितलंत?"

"ज्यूस मागितला. संपलाय म्हणाल्या. कशाला हवाय ते नाही सांगितलं. हिला तमाशा आवडत नाही."

माझं डोकंच फिरलं. बायको हातची जातेय आणि ह्यांना चारचौघांची लाज.

कामतघरला आमचे कापडाचे माग होते. लोडशेडिंग लांबलं की माझे वडील कारखान्याच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, "कोनाकडं काय हाय, काढा." मग यूपीवाले, आंध्रावाले, आमच्या गावचे, सगळ्यांचे डबे एकाच कापडावर उघडायचे. मागायला लाजणाऱ्याला वडील आधी वाढायचे. मला ती एकच रीत ठाऊक होती.

"उभे राहा," मी म्हटलं. "डोक्यावरचं बटण दाबा, आजार सांगा आणि मोठ्याने विचारा, कोणाकडे काही गोड आहे का."

"अनोळखी माणसांना असं कसं..."

"फोन चालू ठेवा. मी आहे इथं. विचारा."

मागे सुपरवायझर येऊन उभा. "अगं, कॉल सोड ना. लाईन लागलीय. लिहिलंय तेवढंच बोल."

"न्हाय सोडणार," मी म्हटलं. नोकरी गेली तर गेली, घरी माग होते.

गृहस्थांनी विचारलं, पण पुटपुटल्यासारखं. मी म्हटलं, "मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा." दुसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला, पण निघाला. मग बॅगांच्या चेनी उघडल्याचे आवाज, एकामागून एक, आणि कोणाची तरी धावपळ. माझ्याशी कोणीच बोलेना. मी घाबरले होते, हे सरळच सांगते. हेडफोन कानावर दाबून बसले.

बऱ्याच वेळाने एका बाईचा आवाज आला. तोंडात काहीतरी घोळत होतं.

"मी बरी आहे गं," ती म्हणाली. "तू ह्याच्याशी बोल. लोक अजून चॉकलेटं देतायत आणि हा मान खाली घालून रडतोय."