स्वच्छ हातांचा

माझ्या धाकट्या भावाचे हात एकदा पाहाच. लांब बोटं, नेमानं कापलेली नखं, आणि थरथर म्हणून नाही. त्या हातांचं कौतुक ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आता ते हात दिसले की मला शिसारी येते. का येते ते सांगून टाकते, म्हणजे पोटातली मळमळ तरी कमी होईल.

तो कवळ्या बनवतो. दंतवैद्य नाही हं. दंतवैद्याला माणसाच्या तोंडात हात घालावा लागतो. याच्याकडे येतात ते प्लास्टरचे साचे, पांढरेशुभ्र आणि कोरडे. त्यांवर हा गुलाबी हिरड्या चढवतो, दात बसवतो, घासूनपुसून चकाकी आणतो आणि डबीत घालून परत पाठवतो. आख्ख्या वस्तीची तोंडं यानं सजवली, पण एकाच्याही तोंडात डोकावून पाहिलं नाही. दंतवैद्य मंडळी त्याला ‘बत्तीशी’ म्हणतात. लग्न केलं नाही. आपल्या ब्रशशेजारी दुसऱ्या कुणाचा तरी ओला ब्रश उभा राहणार, ही कल्पनाच त्याला सोसली नसावी.

फावल्या वेळात तो विमानं जोडतो. दुकानातून खोका येतो, त्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. या वेळचं विमान जपानी होतं, महायुद्धातलं लढाऊ ‘झिरो’, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं. म्हणजे बत्तीशी काही बत्तिसाच्या बाहेर जायला तयार नाही.

बाबा पडले त्याच सुमारास हा खोका आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ते पलंगाला खिळले. मी माझं घर नवऱ्याच्या गळ्यात घालून इथे राहायला आले. धाकट्यानं काय केलं? जेवणाचं टेबल आपल्या खोलीत ओढून नेलं, त्यावर दिवा लावला आणि दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून थिनरचा वास यायचा आणि अलीकडच्या खोलीतून म्हाताऱ्या अंगाचा. मधल्या बोळात मी.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. मला ते काम आवडत नव्हतं. पलंगाखालचं भांडं रिकामं करताना मी श्वास रोखून धरायची. बाबांची चादर बदलली की न्हाणीघरात जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढायची, नळ मोठा सोडून, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. वडील झाले म्हणून त्यांच्या थुंकीला अत्तराचा वास येत नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. बाबांचं खाणं तुटलं. दुखण्यात ते वाळले तसे त्यांचे जबडेही आक्रसले, आणि खालची कवळी टोचायला लागली. घास तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे दोन्ही होतं आणि तरी उपास. नुसत्या पेजेवर माणूस किती दिवस काढणार? तपासायला आलेले डॉक्टर मला दारात म्हणाले, “यांनी धड खाल्लं नाही तर जखम भरणार नाही. आणि जखम भरली नाही तर पुढचं मी सांगायला नको.” दंतवैद्याला फोन केला, तर तो हसला. “अहो, बत्तीशी घरात असताना मला कशाला बोलावता? टोचून लाल झालेली जागा बघायची, तेवढंच घासायचं. दोन मिनिटांचं काम.”

मी धाकट्याच्या दारावर थाप मारली.

“हळू उघड,” तो आतून ओरडला. “धूळ येते.”

टेबलावर विमान तयार उभं होतं. वरून गर्द हिरवं, पोटाखाली राखाडी, पंखांवर लाल गोळे. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू? पण हा पठ्ठ्या त्यावर चिमट्यात धरलेल्या स्पंजानं रुपेरी ठिपके उठवत होता.

“हे काय करतोयस?”

“जुनं करतोय. युद्धात रंगाचे पोपडे उडायचे. इथे बघ, इंजिनातून तेल गळून डाग पडलाय. ही धुराची काजळी. आणि इथे वैमानिक पाय ठेवून चढायचा, म्हणून रंग झिजलाय.” तो तेलाचा डाग इतक्या मायेनं दाखवत होता की मला बघवेना. “दोन दिवस लागले हा डाग जमायला. घाण खरी वाटली पाहिजे, ताई. तीच अवघड असते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्या घाणीसाठी याच्यापाशी दोन दिवस आहेत!

“खरी घाण पलीकडच्या खोलीत आहे,” मी म्हटलं. “फुकट. चल, बाबांच्या तोंडात बघ, कवळी कुठे लागतेय ते.”

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, ते सोंग नव्हतं. “ताई, ते सोडून काहीही सांग. साच्यावर असते तोवर ती माझी वस्तू. एकदा तोंडात गेली की... मला नाही होत गं.”

“ते तुझे वडील आहेत.”

“म्हणून तर.” मग जरा सावरून म्हणाला, “तू ती नीट धुऊन दे. साबण लाव, गरम पाण्यानं खळखळून घे. मी अंदाजानं घासतो.”

उंटावरून शेळ्या हाकायला त्यानं कवळीसुद्धा सोडली नाही. पण बाबांचं पोट खपाटीला गेलं होतं. मी कवळी धुतली आणि रुमालात गुंडाळून दिली. त्यानं हातमोजे चढवले, वर आणखी एक जोडी चढवली, आणि ज्या बारक्या यंत्रानं विमानाचे सांधे घासले त्याच यंत्रानं कवळीची कड घासली. चकाकी तर अशी आणली की दुकानात मांडावी.

दुपारी मी मऊ भात आणि उकडलेलं अंडं कुस्करून बाबांच्या समोर ठेवलं. धाकटा दारात येऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या बाहेर. बाबांनी कवळी बसवली, घास घेतला, चावला. त्यांची मान ताठ झाली. पण धाकट्याकडे बघत त्यांनी तो घास गिळला आणि वर हसले.

“छान बसलेत रे.”

“बघ!” धाकटा मला म्हणाला. “उगाच आकांडतांडव करतेस.” आणि गेला.

तो गेला तशी बाबांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आतल्या कडेला रक्त लागलं होतं, आणि भाताची शितं.

“त्याला सांगू नकोस,” ते म्हणाले. दात काढल्यामुळे त्यांचं बोलणं फसफसत होतं. “वाईट वाटेल त्याला.”

मला त्या कवळीची किळस आली. त्याहून जास्त आली ती या लाडाची. पोर उंबरा ओलांडत नाही, आणि बाप त्याच्यासाठी रक्त गिळतोय. मी तशीच, बरबटलेली कवळी हातावर घेऊन गेले आणि दार न वाजवता उघडलं.

“बघ किती छान बसलेत ते.”

धाकट्याच्या हातात ब्रश होता. तो पांढराफटक पडला. तोंडावर मनगट दाबून त्यानं खिडकी गाठली आणि दोन-तीन वेळा खोल श्वास घेतला. मला वाटलं, आता तरी. आता तरी याला लाज वाटेल, हा पलीकडे जाईल, बापाचा हात धरेल. तो वळला, आणि लांबूनच मान तिरकी करून कवळीकडे निरखून पाहायला लागला. त्याच्या डोळ्यांत कारागीर जागा झाला होता.

“हं,” तो म्हणाला. “बरं झालं, रक्तानं जागा दाखवली. मी उगाच पुढून घासली. डावीकडे आत लागतेय.” मग नजर वळवून म्हणाला, “तिथे पेन्सिलनं खूण कर. आणि मग धुऊन आण.”

अशा माणसाला काय म्हणायचं? मला शिव्या येतात, पण एकही पुरेशी वाटेना.

आणि मी खूण केली. धुऊन आणली. बाबांनी खायला हवं होतं, आणि माझ्या रागानं कवळी घासली जात नाही. धाकट्याला खरंच दोन मिनिटं लागली.

या वेळी बाबा जेवले. आधी भीत भीत, मग दोन्ही गालांनी. वाटी संपली, मी दुसरी भरली. इतक्या आठवड्यांनी त्यांच्या कानशिलाशी हाड हलताना पाहून माझा जीव भांड्यात पडला. आतून धाकट्यानं विचारलं, “दात बसले का, बाबा?”

“एकदम!” बाबा तोंडात घास असताना ओरडले. अंड्याचा तुकडा उडून माझ्या हातावर पडला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “हाताला गुण आहे पोराच्या. बोलू नकोस गं त्याला. लहानपणापासून तो असाच, नाजूक. घाण सोसत नाही बिचाऱ्याला. तुझं बरं आहे. तुला कशाचं काही वाटत नाही.”

मी गप्प बसायला हवं होतं. दुसरी वाटी अर्धी राहिली होती, निदान ती संपेपर्यंत तरी.

“वाटतं, बाबा,” मी म्हटलं. “मलाही किळस येते. रोज येते.”

बाबा चावायचे थांबले. माझ्या हातावरच्या त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग पांघरुणातून हात काढून त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. बोटं थरथरत होती, तुकडा सापडेना, नुसता पसरत गेला.

“राहू द्या हो,” मी म्हटलं. “मी पुसते. तुम्ही खा.”

मी चमचा पुढे केला. त्यांनी मान वळवली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.