संत्र्याच्या सालीची खूण

संत्र्याची साल नखानं सोलताना तो कडसर वास आला, की मला भाचीची ती दुपार आठवते. माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड मी तिला वाचायला दिलं होतं. किशोरांसाठीची कथा होती, जादूच्या तळ्यातून रोज एक चांदणी चोरणाऱ्या चोराच्या शोधाची. दुसऱ्या दिवशी ते प्रकाशकाकडे जायचं होतं. भाची पंधरा वर्षांची, तोंडानं फटकळ. पलंगावर पालथी पडून ती वाचत होती, कळमन्याच्या फळबाजारातून आणलेली संत्री खात होती आणि मधूनच एखाद्या पानात सालीचा तुकडा खुणेला ठेवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते तुकडे बघत होते. एवढ्या चुका सापडल्या की काय? तेवढ्यात फोडणीतली मोहरी करपली. शेवटी तिनं बाड मिटलं. "मावशी, चोर तं मले चौथ्याच प्रकरणात समजला वं." मी गॅस बंद करून तिच्यापाशी आले. "मंग पुरं काहून वाचलं?" "तो पकडल्या जाईन म्हणून भेव वाटून राहिलं होतं ना मले! जिथं भेव वाटलं, तिथं साल ठेवली." मी धरून बसले ते तिचं पहिलं वाक्य. पार्सल थांबवलं, महिनाभर खपून चोर नीट लपवला. आता पुस्तक वाचून मुलं सांगतात, की चोर शेवटपर्यंत ओळखूच आला नाही. त्याच्यासाठी भीती वाटली, असं मात्र अजून एकानंही सांगितलेलं नाही.