हमखास नोकरीची चौकशी

बी.कॉम.चा निकाल लागला आणि मला फोन यायला लागले. पलीकडून एक गोड आवाज म्हणायचा, "मॅडम, अभिनंदन! आमच्या कोर्ससाठी तुमचं सिलेक्शन झालं आहे." मी कुठंच अर्ज केलेला नव्हता. तरी ते 'मॅडम' ऐकायला बरं वाटायचं.

आईला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "तुयावाला नंबर त्याईले कोनं देला?"

आई आमच्या गावची आशाताई. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची, तान्ह्या लेकरांची विचारपूस करणं तिचं कामच. एखादी सून "गोळ्या घेते ना, काकू" म्हणाली की आई मान हलवायची आणि मग हळूच गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवायला सांगायची. अशा बाईला घेऊन मी तुमसरला कॉम्प्युटरचा क्लास बघायला गेले.

क्लास कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. काचेचं दार, आत एसीचा गारवा, टाय लावलेले सर. कोर्सचं नाव एवढं लांब की मला पुन्हा विचारावं लागलं. त्यात प्रोफेशनल होतं, अ‍ॅडव्हान्स्ड होतं, डिप्लोमाही होता.

"याच्यात शिकवता काय?" आईनं विचारलं.

"सगळं, काकू."

"सगळं म्हंजे?"

सर हसले आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, नोकरीची शंभर टक्के हमी आहे, जागा थोड्याच उरल्यात, आजच नाव घातलेलं बरं. आई तोवर उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते, पण खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या.

"पोरं कुठं बसतात?"

"आज मेंटेनन्स आहे ना, काकू."

"एक चालू करून दाखवता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, सर्व्हर बंद आहे.  आई भिंतीवरचे फोटो बघू लागली. नोकरी लागलेल्या मुलामुलींचे फोटो होते ते. त्यातली एक मुलगी मी ओळखली. बपेऱ्याची, कॉलेजात मला सीनियर होती.

"ही आता मोठ्या कंपनीत आहे," सर म्हणाले.

"कोनत्या?"

"नाव सांगायची आमची पॉलिसी नाही."

जिना उतरताना आई म्हणाली, "चाल, तिलेच विचारू."

मी चिडले. मला तो एसी आवडला होता, काचेचं दार आवडलं होतं. वाटलं, आईला मला घरातच ठेवायचंय आणि म्हणून ती खुसपटं काढते आहे. तसं बोलूनही दाखवलं. 

रविवारी आम्ही एसटीनं बपेऱ्याला गेलो. धानाच्या रोवण्याचे, भातलावणीचे दिवस होते. ती मुलगी घरी नव्हती, धानाच्या शेतात, बांधीत होती. आम्हाला बघून चिखलातून वर आली, हात धुतले आणि आईचं म्हणणं ऐकून हसायलाच लागली.

"फोटो माहाच आहे, काकू. नोकरी बी लागली होती. तिथंच."

"तिथंच म्हंजे?"

"क्लासातच. पोरीईले फोन करायची नोकरी. 'अभिनंदन, सिलेक्शन झालं' असं म्हणाचं. नंबर ते कुठून तरी आणून देत. मंग आपल्याच ओळखीच्या पोरी निंघाले लागल्या फोनवर, तं देली सोडून."

मी बांधावर बसूनच राहिले. म्हणजे मला मॅडम म्हणणारी मुलगीही असाच कोर्स करून तिथं फोनपाशी बसली असणार. तिचाही फोटो त्या भिंतीवर लागला असणार.

"मंग तू शिकली काहीच नाही?" आईनं विचारलं.

"शिकली ना. तिथं एक सर होते, चांगले शिकवत. त्याईले काढलं. आता सिहोऱ्यात शिकवतात म्हणे. चांगला माणूस आहे, काकू. तिकडंच टाका इले."

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "हे पोरगी त्या सराचं नाव एवढं काहून घेऊन राहिली?"

सिहोऱ्याच्या क्लासला साधी पाटीही नव्हती. किराणा दुकानामागची खोली, जुने कॉम्प्युटर, घरघरणारा पंखा. पण प्रत्येक खुर्चीवर कोणी ना कोणी बसलेलं होतं. सर एका मुलाची चूक दाखवत होते, ते उठले नाहीत.

"नोकरी लावून देता का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

"शिकवतो. हिशेब, बिलं, जीएसटी. आठवडाभर बसू द्या तिले. समजलं तं राहू द्या, नाही तं घेऊन जा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता तरी?"

"एवढं खरं बोलणारा माणूस बी मले पटत नाही," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत आली आणि मागच्या भिंतीला टेकून बसली. सर एखाद्या मुलीच्या खुर्चीमागे उभे राहिले की आईची मान उंच व्हायची. मी खाली बघून बोटं चालवायची. शेवटी सर तिच्यापाशी गेले. मला वाटलं, आता हाकलतात.

"बसत जा तुम्ही," ते म्हणाले. "सगळ्याईच्याच आया बसल्या तं मले बरं."

आई त्यानंतरही येत राहिली. पुढं लसीकरणाचे दिवस लागले, तेव्हा तिचं येणं थांबलं, पण चौकशी थांबली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय सांगितलं?" मी नावे-जमा समजावून सांगायची. ती मध्येच पकडायची, "काल तं तू उलटं सांगत होती." मग मला वही उघडावी लागायची. तिला समजेपर्यंत सांगायचं म्हणजे आधी मला समजावंच लागायचं. माझी परीक्षा रोज चुलीपुढं व्हायची.

कोर्स संपला. जवळच्याच एका राईस मिलच्या ऑफिसात माणूस हवा असल्याचं कळलं आणि मी एकटीच गेले. मुनीमजींनी धानखरेदीची काही बिलं पुढं टाकली. मी ती कॉम्प्युटरवर चढवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या."

मी उठले नाही. विचारलं, "माझ्या आधी इथं कोण होतं?"

"एक मुलगी होती. लग्न झालं तिचं."

"कुठल्या गावची?"

मुनीमजी माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही, त्या गावाला गेले. लग्न खरंच झालेलं होतं. ती मुलगी म्हणाली, "मालक तापट आहे, पण माणूस वाईट नाही." तिसऱ्या दिवशी रुजू झाले तर मुनीमजींनी उशिराचं कारणही विचारलं नाही. खुर्ची दाखवली आणि आपल्या कामाला लागले.