टेबलाखालून दिसलेले बूट

गुद्रुन ब्रेक्केने एकच सिनेमा एका आठवड्यात तीनदा पाहिला. आमच्या नदीकाठच्या गावात ही बातमीच होती, कारण सिनेमा हा आळशी लोकांचा उद्योग आहे असं तिचं ठाम मत होतं. तिकीटखिडकीवर मी असायचो, आणि त्याआधी दोन वर्षं तिच्याच खाणावळीत वरच्या खोलीत राहिलो होतो, म्हणून मला नवल जरा जास्तच वाटलं.

सिनेमा सरकारी माणसांचा होता. वॉशिंग्टनहून आलेले, कोट-हॅट घातलेले तरुण दरोडेखोरांना टिपतात, असा.

"यातला चांगला कोण ते आधी सांगून ठेव बाबा," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "सगळ्यांच्या हॅट सारख्याच."

गुद्रुनच्या घरात एकच कायदा होता. मागच्या दाराशी जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असत, तिथे बूट काढायचे आणि मोज्यांवर आत यायचं. पाद्रीबाबासुद्धा तिच्या स्वयंपाकघरात अंगठा बाहेर आलेल्या मोज्यावर कॉफी प्यायचे. तिचा सगळ्यात लाडका भाडेकरू डेल तर आपले बूट काढून वर इतरांचेही नीट लावून ठेवी. मी कधी लावले नाहीत, म्हणून त्याचं उदाहरण मला रोज ऐकावं लागे. हा डेल तीन राज्यांतल्या बँका लुटून आला होता, हे एप्रिलमध्ये कळलं.

बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला होता. सकाळी दहाला सरकारी माणसं दार न वाजवता आत शिरली. डेल स्वयंपाकघरातून मागच्या दाराने पळाला. गोळ्या सुटल्या. त्याच वेळी गुद्रुनचा मेहुणा हाल्वोर, आमचा बर्फवाला, खांद्यावर लादी घेऊन मागच्या गल्लीतून येत होता. तो जागीच गेला. डेलला पुढे नदीजवळ गाठून मारला. हाल्वोर डेलच्याच गोळीने गेला, असं सरकारी माणसांनी सांगितलं, आणि गावानेही तेच धरलं.

हाल्वोरची बायको सिग्ने, म्हणजे गुद्रुनची धाकटी बहीण, त्या एका गोष्टीवर तग धरून होती. मारणारा मेला होता. त्याला टिपणाऱ्या पथकातल्या एका तरुणाने तर हाल्वोरच्या शवपेटीला खांदा दिला होता. सिग्ने रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची.

हाल्वोरच्या मृत्यूची पंचांपुढे चौकशी व्हायची होती, आणि गुद्रुन एकटीच साक्षीदार. तिसऱ्यांदा सिनेमा पाहून ती खिडकीशी आली.

"आता नीट आठवलं. मागच्या दारात उभा राहून डेलनेच गोळी झाडली. करडी हॅट, डोळे बारीक केलेले, तोंडात सिगारेट."

"डेल सिगारेट ओढायचा?"

"नाही. ती सिनेमातली असेल. पण हॅट खरी आहे."

"तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात, टेबलाखाली."

"मग टेबलाखालून हॅट कशी दिसली, गुद्रुन?"

मी हे विचारायला नको होतं, असं मला अजून वाटतं. तिचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बूट दिसले. दारात उभ्या माणसाचे. चिखलाने भरलेले. मला राग आला होता रे. गोळ्या चालल्या होत्या, आणि मला जमीन घाण झाल्याचा राग आला होता."

"आणि डेल?"

"मोज्यांवर पळाला. त्याचे बूट वर्तमानपत्रावरच होते."

चौकशीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. ती काय सांगेल, मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिलाही नसावं. पहिल्या रांगेत सिग्ने होती, आणि तिच्या शेजारी तो शवपेटीला खांदा दिलेला तरुण. गुद्रुन आधी डेल, सरकारी माणूस आणि सिनेमातला नट या तिघांचा घोळ घालत बसली, हॅटचं सांगितलं, मागे घेतलं. मग एकदम म्हणाली, "ज्याने गोळी झाडली त्याच्या पायात बूट होते. डेलच्या पायात नव्हते." त्या तरुणाने मान खाली घातली.

"चिखलाच्या खुणा कुणी पाहिल्या?" मुख्य पंचाने विचारलं.

"कुणी नाही."

"का?"

"मी पुसल्या. लगेच."

पंचांत कुणीतरी हसलं. निकाल जो ठरला होता तोच लागला, डेलची गोळी.

बाहेर पायऱ्यांवर सिग्नेने तिला थांबवलं. मला वाटलं, आता ही तिला मारते.

"त्याला उचलूनही नेलं नव्हतं," सिग्ने म्हणाली. "मी गल्लीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आणि तू आत जमीन पुसत होतीस?"

"हो."

"का गं?"

गुद्रुन खोटं बोलणारी बाई नव्हती.

"लोक येणार होते ना," ती म्हणाली.

त्या रविवारी सिग्ने नेहमीसारखी बहिणीकडे कॉफीला आली, तेव्हा मीही तिथे होतो. दाराशी वर्तमानपत्रं नव्हती. सिग्ने सवयीने बूट काढायला वाकली, तर गुद्रुनने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "राहू दे. तशीच ये."