नाना सावेंची परतीची नोंद

नानांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या आमच्या कारखान्यात, गोदामाच्या दारात उभा होतो. पप्पा गेले, एवढंच तो म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही. भीती वाटली. आता राहिलेल्या कार्डांचं काय, हा पहिला विचार मनात आला, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

नाना सावे केळव्याचे. घरची नारळी-सुपारीची वाडी, आणि नोकरी आमच्या रंगाच्या कारखान्यात, कागदपत्रांच्या खोलीत. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाचं एक कार्ड त्यांनी हातानं लिहिलं होतं. एक रसायन दुसऱ्याजवळ ठेवायचं नसेल, तर कार्डाच्या तळाशी 'हेही पाहा' म्हणून त्या दुसऱ्याचा क्रमांक. मग उठून दुसरं कार्ड काढायचं आणि त्यावर पहिल्याचा क्रमांक टाकायचा. याला ते परतीची नोंद म्हणत. मी जवळच्या पाम गावचा, नवा लागलेला, तोंडाळ. दोनदा लिहिल्यानं अक्षर सुधारतं का, असं मी एकदा त्यांना विचारलं.

ते हसले आणि चहा मागवून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलेली. मोठं युद्ध संपता संपता अमेरिकेत एका शास्त्रज्ञानं एक टेबल मनात रचलं होतं. त्यात हजारो पानं, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला वाचणाऱ्यानं स्वतः जोडलेल्या वाटा. टेबल कधी बनलं नाही. पुढे वीसेक वर्षांनी एका तरुणानं या कल्पनेला हायपरटेक्स्ट असं नाव दिलं. दुवा दोन्हीकडून दिसला पाहिजे, हा त्याचा हट्ट. पण जगभर जे जाळं पसरलं त्यात दुवा एकाच बाजूनं राहिला. पलीकडच्या पानाला पत्ताच नसतो की आपल्याकडे कोण बोट दाखवतंय… "त्या पोराचं कोणी ऐकलं नाय," नाना म्हणाले, जसं काही ते पोर आमच्याच आळीतलं होतं.

नाना निवृत्त झाले त्याच वर्षी सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कार्डांचं कपाट भंगारात निघालं होतं, ते नानांनी टेम्पोत घालून केळव्याला नेलं. मी आठवड्याला एक खण आणून टाइप करायचो. आणि इथे मी शहाणपणा केला. परतीच्या नोंदी गाळल्या. म्हटलं, एकदा लिहिलंय ना, मशीन शोधेल. पण एकाच मालाला आमच्याकडे तीन-तीन नावं. कंपनीचं वेगळं, कामगारांचं वेगळं. मशीनला ती जुळवता येत नाहीत, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

काही वर्षं काहीच झालं नाही. मग एका सकाळी सल्फाइडच्या गोण्यांशेजारी अ‍ॅसिडचे कॅन लागले, त्यातला एक गळला. दोन्ही मिसळून विषारी वायू सुटला, सडक्या अंड्यांचा वास आला आणि गोणी उचलायला वाकलेला कामगार तिथेच आडवा झाला. तो वाचला. पण गोदाम सांभाळणारा माणूस मला म्हणाला, "साहब, मैंने देखा था. एसिड के पेज पे तो कुछ लिखा नहीं था." नव्हतंच लिहिलेलं. सल्फाइडच्या पानावर होतं. ते त्यानं का उघडावं?

संध्याकाळी मी केळव्याला गेलो. नाना रागावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "कितींच्या गाळल्यास?"

"सगळ्यांच्या."

ते खाली बसले. त्यांना असं घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं… पुढच्या शनिवारपासून आम्ही सुरुवात केली. दुपारी ते कार्ड वाचायचे, मी लॅपटॉपवर दुसऱ्या टोकाचं पान उघडून परतीची नोंद आहे का ते बघायचो. गोदामात मी पाटी लावली: विचारल्याशिवाय दोन माल शेजारी ठेवू नयेत. पण पाटी काय, चार दिवस वाचतात. नानांची नजर गेल्यावर त्यांची बायको, म्हणजे काकू, वाचू लागल्या आणि नाना नुसते ऐकत बसायचे. शेवटचा खण अर्धा झाला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर मी कपाट न्यायला म्हणून गेलो. मागायचं कसं, ते कळत नव्हतं. काकूंनी पाणी दिलं, खण टेबलावर ठेवला, चष्मा लावला.

"बस. मी वाचते, तू बघ."

काकू सातवी शिकलेल्या. रसायनाचं नाव एकेक अक्षर लावत वाचतात, क्रमांक दोनदा सांगतात आणि मग विचारतात, "हाय का?" पहिल्या पाच कार्डांना मी हाय म्हणालो. सहाव्याला पान उघडलं, खालपर्यंत गेलो, परत वर आलो.

"नाय," मी म्हणालो.

काकूंनी कार्डावर बोट ठेवलं आणि माझं टाइप करून होईपर्यंत उचललं नाही. मग पुढचं कार्ड घेतलं. अंधार पडायच्या आत आणखी चार नाय निघाले. खणात अजून कार्डं आहेत, आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू आहे.